टॅम्रिएलचा इतिहास खणायचाय? एल्डर स्क्रोल्सच्या लोअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेम मालिकेतला स्कायरिम खेळून झाला की बऱ्याच जणांना एकदम प्रश्न पडायला लागतात, हे ड्वेमर कुठे गेले, तालोसवर बंदी का, ते काळे डेड्रा कोण, आणि मग माणूस यूट्यूबवर तीन-तीन तासांचे व्हिडिओ बघत बसतो आणि अजूनच गोंधळतो. या गेमांचा खंड म्हणजे टॅम्रिएल, आणि लोअर म्हणजे त्याचा इतिहास, पुराणं, दंतकथा. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतलेत. मॉरोविंड, ऑब्लिव्हियन, स्कायरिम तिन्हींचे स्पॉइलर पुढे येणारेत, त्यामुळे ज्यांना कोरं खेळायचंय त्यांनी आधी खेळून या.

लोअर लोअर म्हणतात ते गेममध्ये असतं कुठे? मला तर फक्त क्वेस्ट दिसतात.

मेन क्वेस्टमध्ये, म्हणजे मुख्य कामगिऱ्यांमध्ये, फार थोडं असतं. बाकी सगळं पुस्तकांत, पात्रांच्या फालतू वाटणाऱ्या गप्पांत, अवशेषांच्या भिंतींवर, कुठल्या सांगाड्याच्या हातात काय आहे त्यात. आणि इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण खालचं प्रत्येक उत्तर त्यावर उभं आहे: टॅम्रिएलमधलं प्रत्येक पुस्तक त्या जगातल्याच कुणीतरी लिहिलंय. त्याला त्याचा धर्म आहे, त्याची जात-जमात आहे, त्याला पगार देणारा राजा आहे. बखर वाचताना आपण बघतो ना, ही कुणाच्या सांगण्यावरून लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, अगदी तसंच वाचायचं. गेम तुम्हाला कधीच वरून येऊन सांगत नाही की हे खरं आणि ते खोटं.

सोपं उदाहरण बॅरेन्झायाचं. मॉरोविंड प्रांताच्या या राणीवर दोन चरित्रं आहेत, एक अधिकृत, सभ्य, सगळं गुळगुळीत, आणि दुसरं 'द रिअल बॅरेन्झाया', ज्यात तिचं चोऱ्या करणं, प्रेमप्रकरणं, सम्राटाशी संबंध हे सगळं येतं. दोन्ही वाचा आणि मग ठरवा.

सुरुवात कुठल्या गेमपासून करू?

लोअरसाठी विचारत असाल तर माझं उत्तर मॉरोविंड, डोळे झाकून. मालिका १९९४ ला अरीनानं सुरू झाली, १९९६ ला डॅगरफॉल, २००२ ला मॉरोविंड, २००६ ला ऑब्लिव्हियन, २०११ ला स्कायरिम, आणि ऑनलाइनवाला २०१४ ला. पण आज आपण ज्याला या जगाचं लोअर म्हणतो त्याचा गाभा १९९८ च्या रेडगार्ड या गेमसोबत आलेल्या 'पॉकेट गाइड टू द एम्पायर' या पुस्तिकेत आणि मॉरोविंडमध्ये तयार झाला. त्याआधीचं जग बऱ्यापैकी नेहमीचं फँटसी होतं.

मॉरोविंडमध्ये नकाशावर बाण येत नाही, कुणीतरी सांगतं की नदीच्या काठानं जा, मग डावीकडे वळ, आणि आपण शोधत फिरायचं. सुरुवातीला जीव मेटाकुटीला येतो हे खरंय, पण त्यामुळेच लोकांचं बोलणं नीट वाचायची सवय लागते आणि लोअर आपोआप आत जातं. जुनं ग्राफिक्स झेपत नसेल तर ओपनएमडब्ल्यू नावाचं मोफत इंजिन आहे, गेम विकत घ्यावा लागतो पण आजच्या मशीनवर छान चालतो. अरीना आणि डॅगरफॉल तर स्टीमवर फुकटच आहेत.

हे ४ई २०१ वगैरे काय असतं? टाइमलाइन समजत नाही.

युगं आहेत, ४ई म्हणजे चौथं युग. आधी डॉन एरा, ज्यात काळ सरळ चालतच नव्हता, मग मेरेथिक, मग पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं युग. ऑनलाइन गेम दुसऱ्या युगाच्या ५८२ सालात सुरू होतो. तिसरं युग टायबर सेप्टिमनं (हाच पुढे तालोस म्हणून पुजला गेला) साम्राज्य एक केल्यावर सुरू झालं, मॉरोविंड त्यातल्या ४२७ ला, ऑब्लिव्हियन ४३३ ला. तिथे सेप्टिम घराणं संपलं आणि तिसरं युगही. स्कायरिम चौथ्या युगाच्या २०१ सालात, म्हणजे ऑब्लिव्हियननंतर साधारण दोनशे वर्षांनी. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, बाकी सनावळ्या पाठ करायची काही गरज नाही.

जग तयार कसं झालं?

कुणाला विचारताय त्यावर आहे. सगळ्यांना मान्य असलेला सांगाडा असा: लॉर्खान नावाच्या एका देवानं बाकीच्या देवांना मर्त्य जग बनवायला तयार केलं, ते बनवताना त्यांची शक्ती त्यात गेली, बांधणीचा आराखडा करणारा मॅग्नस मध्येच पळाला आणि जाताना आकाशाला भोक पडलं, तोच सूर्य. तारे म्हणजे त्याच्या मागून पळालेल्यांची भोकं. (मला हे अजूनही भयंकर आवडतं, की इथला सूर्य हा गोळा नाही, पलीकडच्या जादूचा प्रकाश आत येणारं छिद्र आहे.) मग लॉर्खानला शिक्षा झाली, त्याचं काळीज उपटून काढलं आणि बाणाला बांधून फेकलं, ते जिथे पडलं तिथे मॉरोविंडचा रेड माउंटन उभा राहिला.

आता मजा बघा. हाय एल्फ म्हणतात लॉर्खाननं आम्हाला फसवलं, आम्ही देवांचे वंशज, आम्हाला या मातीच्या तुरुंगात अडकवलं. नॉर्ड, म्हणजे स्कायरिमची माणसं, त्याच देवाला शॉर म्हणतात आणि तो त्यांचा नायक, एल्फांनी कपटानं मारलेला. रेडगार्ड या माणसांच्याच दुसऱ्या जमातीच्या कथेत तो सेप नावाचा भुकेला साप. सिरोडील या साम्राज्याच्या मधल्या प्रांतातल्यांकडे तो शेझार, माणसांच्या बाजूनं लढणारा. 'द मोनोमिथ' या पुस्तकात या कथा शेजारी शेजारी दिल्यात, ते एक पुस्तक वाचलं की एल्फ आणि माणसं हजारो वर्षं का भांडतात ते समजतं, भांडण जमिनीचं नाहीच, जन्म हे वरदान की शिक्षा याचं आहे.

आणि स्कायरिमच्या शेवटी सोव्हनगार्डमध्ये, म्हणजे नॉर्डांच्या वीरस्वर्गात, गेलात की शॉरच्या दालनात त्याचं आसन नीट बघा. रिकामं दिसतं. तिथले वीर सांगतात की त्याचं तेज मर्त्य डोळ्यांना झेपणार नाही म्हणून तो दिसत नाही, पण मॉरोविंड खेळून आलेल्या माणसाला ते आसन बघताना त्या उपटलेल्या काळजाचीच आठवण येते.

डेड्रा म्हणजे राक्षस ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. ज्या देवांनी जग बनवायला स्वतःतलं काही दिलं ते एइड्रा, ज्यांनी दिलं नाही ते डेड्रा. त्यामुळे डेड्रांची ताकद शाबूत आहे आणि ते स्वतःच्या राज्यांत मनमानी करतात. मेहरून्स डेगॉन विध्वंस करतो, मोलॅग बाल माणसांना गुलाम करतो, पण मेरिडियाला मढी उठवणाऱ्यांचा तिटकारा आहे आणि अझुराला डार्क एल्फ आईसारखं मानतात. ऑर्कांचा मालाकॅथ तर मुळात ट्रिनिमॅक नावाचा एल्फांचा देव होता, त्याला बोएथाया या डेड्रानं गिळलं आणि मग तो असा झाला असं सांगतात. ऑर्क म्हणजे त्याचे भक्त, देवासोबत तेही बदलले. एका अख्ख्या जमातीचं दुःख आहे ते, आणि स्कायरिममध्ये ऑर्कांच्या वस्त्यांवर गेलं की लोक तलवार विकून निघून येतात.

नेरेवारला मारलं कोणी?

हा या मालिकेतला सगळ्यात सुंदर प्रश्न आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या युगाच्या ७०० सालाच्या आसपास रेड माउंटनवर काइमर (मॉरोविंडचे जुने एल्फ) आणि ड्वेमर (यंत्रं बनवणारी एल्फांची दुसरी जमात) यांची लढाई झाली. काइमरांचा सेनापती नेरेवार. लढाईनंतर नेरेवार मेला, ड्वेमर गायब झाले, आणि पुढे नेरेवारचे तीन जवळचे सल्लागार, व्हिवेक, अल्मलेक्सिया आणि सोथा सिल, देव झाले. काइमरांची कातडी राखेसारखी आणि डोळे लाल झाले, ते झाले डनमर, म्हणजे डार्क एल्फ. एवढं सगळ्यांना मान्य.

या तिघांना पूजणाऱ्या टेम्पलचं म्हणणं, नेरेवार जखमांनी गेला, वीरमरण. ॲशलँडर भटक्यांचं म्हणणं, तिघांनी मिळून त्याचा खून केला, आणि ही गोष्ट त्यांना नेरेवारचा ढालसोबती अलांड्रो सुल यानं सांगितली. टेम्पलनं दडवून ठेवलेल्या कागदांत 'नेरेवार ॲट रेड माउंटन' नावाचा मजकूर आहे त्यात तर तपशील आहे: अल्मलेक्सियाच्या विषारी मेणबत्त्या, सोथा सिलचे विषारी कपडे, व्हिवेकचे विषारी मंत्र. मॉरोविंडचा खलनायक डॅगोथ उर, त्याला विचाराल तर त्याचं म्हणणं वेगळंच, तो स्वतःला शेवटपर्यंत नेरेवारचा एकनिष्ठ मित्र समजतो.

आणि व्हिवेक स्वतः? त्यानं सांगितलेली लढाईची हकीकत नोंदवून ठेवलीय त्यात खून नाही. पण त्याचीच 'छत्तीस प्रवचनं' आहेत, कोड्यांनी भरलेली, पहिल्यांदा वाचताना काहीही कळत नाही. एकोणतिसाव्या प्रवचनात आकड्यांची एक यादी आहे. प्रत्येक आकडा घ्यायचा आणि त्या त्या प्रवचनातला तितकावा शब्द उचलायचा, ते शब्द जोडले की कबुली तयार होते: तो जन्मानं देव नव्हता, हा मार्ग त्यानं स्वतःच्या मर्जीनं निवडला, देवपण चोरलं आणि नेरेवारचा खून केला, हे व्हिवेकनं लिहिलंय. शिवाय छत्तिसाव्या प्रवचनाच्या परिच्छेदांची पहिली अक्षरं इंग्रजीत ओळीनं वाचली तर तिथेही खून हा शब्द निघतो.

म्हणजे एका देवानं जगासमोर एक सांगितलं आणि स्वतःच्याच धर्मग्रंथात गुन्हा कबूल करून ठेवला, पण अशा पद्धतीनं की कष्ट करून वाचणाऱ्यालाच सापडावा. तरीसुद्धा यानं प्रश्न पूर्ण सुटत नाही बरं का, कारण कबुली देणारा हा कवी आहे आणि तो खोटं बोलतो हे त्याच्याच लिखाणात जागोजागी दिसतं. माझं मत विचाराल तर खून झाला, आणि व्हिवेकला ते आयुष्यभर सलत राहिलं.

ड्वेमर गेले कुठे?

ते देव मानत नव्हते, यंत्र आणि नाद यांवर त्यांचा विश्वास. रेड माउंटनखाली त्यांना लॉर्खानचं काळीज सापडलं. कॅग्रेनॅक नावाच्या त्यांच्या मुख्य कारागिरानं त्यासाठी तीन हत्यारं बनवली, काळजावर घाव घालून नेमका नाद काढणारा हातोडा संडर, ती शक्ती वळवणारी सुरी कीनिंग, आणि हात वाचवणारं गाँटलेट रेथगार्ड. न्युमिडियम नावाचा अवाढव्य धातूचा देव चालू करायचा होता. लढाईच्या शेवटी त्यानं ती हत्यारं काळजावर वापरली आणि सगळी जमात एका क्षणात नाहीशी, टॅम्रिएलच्या दुसऱ्या टोकाला असलेले ड्वेमरसुद्धा.

देव झाले की नुसते संपले, यावर एकमत नाही. पण दोन गोष्टी प्रत्यक्ष बघायला मिळतात. पहिली मॉरोविंडमध्ये, टेल फिर बुरुजाखालच्या तळघरात, जिथे डिव्हेथ फिर कॉर्प्रस रोगाच्या लोकांना सांभाळतो. तिथे यॅग्रम बॅगार्न बसलाय, जगातला शेवटचा ड्वेमर. रोगानं अंग सुजून बेढब झालंय, पाय गेलेत, आणि तो यांत्रिक कोळ्याच्या पायांवर टेकून बसतो. घटना घडली तेव्हा तो दुसऱ्याच एका मितीत होता, परत आला तर घरं उघडी, माणसं नाहीत. त्याच्याशी बोलताना घाई करू नका, ड्वेमर भाषेतली पुस्तकं नेऊन दिलीत तर तो वाचून सांगतो आणि कॅग्रेनॅकचं गणित कुठे चुकलं असेल यावर स्वतःचा अंदाजही देतो.

दुसरी स्कायरिममध्ये. विंटरहोल्डच्या कॉलेजात आर्निएल गेन नावाचा एक मास्तर आहे, तुमच्याकडून ड्वेमर दातेरी चाकं मागवतो, मग एक खास वाकवलेला सोल जेम (आत्मा साठवणारा मणी), आणि शेवटी खुद्द कीनिंग. त्याला कॅग्रेनॅकचा प्रयोग लहान प्रमाणात करून बघायचाय. खोलीत तुमच्यासमोर तो त्या जेमवर सुरी मारतो, पुन्हा मारतो, आणि नाहीसा होतो. सुरी तिथेच राहते. नंतर त्याची छाया मंत्रानं बोलावता येते, पण माणूस गेला तो गेलाच. बरेच लोक ही क्वेस्ट अर्धवट सोडतात कारण सुरुवात कंटाळवाणी आहे, कृपया सोडू नका.

डॅगरफॉलचे सगळे शेवट खरे आहेत असं म्हणतात, ते कसं शक्य आहे?

ड्रॅगन ब्रेक. काळाचा देव अकाटॉश ड्रॅगनरूपी, तो 'तुटला' की काळ सरळ चालत नाही आणि एकमेकांत न बसणाऱ्या गोष्टी एकदम घडतात. डॅगरफॉलमध्ये न्युमिडियमचा ताबा कुणाला द्यायचा हे खेळणारा ठरवायचा, ऑर्कांचा राजा, वेगवेगळी राज्यं, सम्राट, मढी उठवणारा जादूगार मॅनिमार्को, किंवा अंडरकिंग. पुढचा गेम करताना कुठला शेवट अधिकृत धरायचा हा खराखुरा अडचणीचा प्रश्न होता. उत्तर असं काढलं की सगळेच घडले. तिसऱ्या युगाच्या ४१७ सालात दोन-तीन दिवसांत पश्चिमेतली ४४ छोटी राज्यं जाऊन चारच उरली, प्रत्येकाला वाटतंय आपणच जिंकलो, याला 'वॉर्प इन द वेस्ट' म्हणतात. मॅनिमार्को देवही झाला आणि ऑब्लिव्हियनमध्ये हाडामांसाचा मॅनिमार्को समोर येतोसुद्धा.

यापेक्षा मोठा ड्रॅगन ब्रेक पहिल्या युगात झाला, तो १००८ वर्षं चालला असं मानतात. 'व्हेअर वर यू व्हेन द ड्रॅगन ब्रोक' या पुस्तकात वेगवेगळ्या जमातींच्या साक्षी आहेत आणि एकही दुसरीशी जुळत नाही.

मला हे फार मोलाचं वाटतं. दुसऱ्या एखाद्या मालिकेनं एक शेवट निवडून बाकीचे पुसले असते, इथे प्रत्येक खेळणाऱ्याचा शेवट इतिहासात राहिला.

सिरोडील आधी जंगल होतं म्हणे?

हो, पॉकेट गाइडमध्ये सिरोडील दमट रानाचा प्रदेश आहे. ऑब्लिव्हियनमध्ये गेलो तर कुरणं आणि ओकची झाडं. त्या गेममध्येच मिथिक डॉन नावाच्या पंथाच्या 'मिथिक डॉन कॉमेंटरीज' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात एक ओळ येते की ज्याला काइम नावाचं ज्ञान झालं तो भूमीच बदलू शकतो, आणि लाल राजाच्या एकेकाळी रानात असलेल्या घराचा दाखला दिलाय. स्कायरिममध्ये व्हाइटरनच्या चौकात ओरडणारा हाइम्स्कर तालोसच्या तोंडी तेच सांगतो. म्हणजे तालोसनं देव होऊन जंगल काढून टाकलं. दुसरे म्हणतात जुन्या हस्तलिखितात नक्कल करणाऱ्याची चूक होती. दोन्ही चालतं.

त्या कॉमेंटरीज चारही खंड घेऊन परिच्छेदांची पहिली अक्षरं जोडायची असतात, त्यातून पंथाच्या गुप्त जागेकडे नेणारा पत्ता निघतो, आणि ही चक्क मेन क्वेस्ट आहे. व्हिवेकची युक्ती माहीत असेल तर ही लगेच ओळखता येते.

तालोस खरंच देव आहे का?

हाय एल्फांचे राज्यकर्ते थॅल्मॉर म्हणतात नाही, आणि साम्राज्याशी झालेल्या त्यांच्या महायुद्धानंतर चौथ्या युगाच्या १७५ सालच्या व्हाइट-गोल्ड करारानं त्याची पूजा बंद झाली. टायबर सेप्टिम ॲटमोरात, म्हणजे उत्तरेच्या जुन्या खंडात, जन्मला असं साम्राज्य सांगतं. 'द आर्क्ट्युरियन हेरेसी' सांगतं तो हाय रॉक प्रांतातला ह्याल्टी नावाचा माणूस होता, आणि तालोसच्या यशामागे वुल्फहार्थ नावाच्या जुन्या राजाचं भूत आणि झुरिन आर्क्टस हा युद्धजादूगार होते, ज्यांना त्यानं वापरून घेतलं. तीन माणसांचा मिळून एक देव झाला असं मानणारे बरेच आहेत, मीही त्यातलाच.

पुरावा हवा असेल तर तालोसच्या कुठल्याही देव्हाऱ्याला हात लावा. आशीर्वाद मिळतो, दोन शाउटमधला (शाउट म्हणजे जादूची आरोळी) वेळ वीस टक्क्यांनी कमी होतो. हाय एल्फ म्हणून खेळलात तरी मिळतो.

खाजीतांचे प्रकार किती?

खाजीत म्हणजे मांजरासारखी जमात, प्रकार सतरा मानतात. पिल्लू जन्मतं तेव्हा दोन चंद्रांच्या कला कशा आहेत त्यावर ते काय होणार ठरतं, एल्फासारखं दिसणारं ओम्स, स्वारी करता येईल असं सेंच, किंवा घरातल्या मांजराएवढं अल्फिक, ज्याला माणसाइतकीच अक्कल असते. स्कायरिममध्ये एकाच प्रकारचे दिसतात, शहराबाहेर तंबू ठोकून. बाकीचे बघायचे तर ऑनलाइनचा एल्सवेअर भाग.

लेखकांनी गेमबाहेर लिहिलेलं धरायचं का?

मायकल कर्कब्राइड यांनी मॉरोविंडमधलं बरंच विचित्र आणि उत्तम लिहिलं, छत्तीस प्रवचनंही त्यांचीच, आणि गेम बनवणारी कंपनी सोडल्यावरही ते या जगाबद्दल लिहीत राहिले. त्यावर कायम वाद होतात. माझा नियम साधा आहे, गेममध्ये आलेलं आधी, बाहेरचं त्याच्यावर टीका म्हणून वाचायचं. काही कल्पना नंतर गेममध्ये आल्यासुद्धा, त्यामुळे सरळ फेकून देऊ नका.

विकी आधी वाचू की आधी खेळू?

आधी खेळा. युईएसपी ही चाहत्यांची विकी १९९५ पासून चालू आहे, प्रत्येक क्वेस्ट, प्रत्येक पुस्तकाचा पूर्ण मजकूर तिथे आहे, आणि इम्पीरियल लायब्ररी या साइटवर पुस्तकं वाचायला अजून सोयीची आहेत. पण विकीचा लेख दहा पुस्तकं एकत्र करून एक सलग गोष्ट सांगतो, आणि त्यात ती कुणी सांगितली हे पुसट होतं. तळटीप उघडून मूळ पुस्तक बघायची सवय लावा.

सगळी पुस्तकं वाचायला वेळ नाही, कुठली घेऊ?

आधी 'द मोनोमिथ'. मग 'नेरेवार ॲट रेड माउंटन' आणि व्हिवेकची हकीकत एकापाठोपाठ एक. मग 'व्हेअर वर यू व्हेन द ड्रॅगन ब्रोक'. स्कायरिमवाल्यांनी 'फॉल ऑफ द स्नो प्रिन्स' घ्यावं, बर्फातल्या एल्फांच्या शेवटच्या लढाईचं वर्णन एका नॉर्डनं केलंय, शत्रूबद्दल आदरानं, आणि ते वाचून स्कायरिमच्या डॉनगार्ड या जोडभागातल्या गेलेबोरला भेटायला जा, जो स्वतः स्नो एल्फ आहे आणि आपल्या जमातीला ड्वेमरांनी आसऱ्याच्या बदल्यात आंधळं कसं केलं हे त्याच्या बाजूनं सांगतो. छत्तीस प्रवचनं सगळ्यात शेवटी, वही-पेन घेऊन.